टेस्ट फुकट आहे, मग अडतंय कुठे? (अटलांटा, ब्लॅक गे पुरुष आणि एचआयव्ही)

मंजिरी_अटलांटा:
परवा इथल्या मराठी ग्रुपवर एकाने लिहिलं की ब्लॅक गे पुरुषांमध्ये एचआयव्ही एवढा आहे कारण ती लोकं बेफिकीर वागतात आणि टेस्टही करत नाहीत. मी नर्स आहे, शनिवारी टेस्टिंग व्हॅनवर असते, हे वाचून राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. 2016 मध्ये सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) हिशेब मांडलेला की तेव्हाचा वेग तसाच राहिला तर दर 2 ब्लॅक गे पुरुषांमागे 1 जणाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल, गोऱ्या गे पुरुषांत तेच 11 मागे 1. लगेच म्हणू नका की बघा, वागणूकच तशी. ग्रेगोरियो मिलेट आणि सहकाऱ्यांनी 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ढीगभर अभ्यास एकत्र करून दाखवलंय की त्यांची वागणूक इतरांपेक्षा जास्त धोक्याची नाही, ड्रग्ज तर उलट कमी. फरक आहे तो बेकारी, कमी पगार, तुरुंगाची वारी आणि औषधापर्यंत न पोचण्यात. ज्या छोट्या वर्तुळात आपण जोडीदार शोधतो तिथे आधीच विषाणू जास्त आणि औषधावर असलेले कमी, तर तेवढीच काळजी घेऊनही धोका कितीतरी मोठा होतो.

आणि व्हॅनवर काय होतं ते सांगते. एका चर्चच्या पार्किंगमध्ये उभे होतो, विशीतला एक मुलगा आला, म्हणाला टेस्ट करायचीय पण इथे नको, आई इथल्या क्वायरमध्ये गाते. आम्हाला परवानगी तेवढ्याच जागेची. तो गेला, परत आला नाही. याला बेफिकीर म्हणायचं?

विनय_पुणे:
मंजिरीताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण पटत नाही. 2012 पासून घरी करायची किट मिळते, हिरड्यांवरून काडी फिरवायची, 20 मिनिटं थांबायचं, चर्च नाही क्वायर नाही. इन्शुरन्स नसेल तर रायन व्हाइट प्रोग्रॅम 1990 पासून उपचाराला मदत करतो. सगळं समाजावर ढकललं की त्या माणसाच्या हातात काही उरतच नाही, आणि हे त्याच्यावरही अन्यायच आहे असं मला मनापासून वाटतं. अलाबामातल्या टस्कीगीत सरकारने लोकांना सिफिलिस टोचला म्हणून अजून विश्वास नाही, हे किती दिवस ऐकायचं?

सुहास_डेकॅटर:
विनय, टोचला नव्हता. अलाबामात 1932 ते 1972, आधीच सिफिलिस असलेल्या 399 ब्लॅक पुरुषांना नुसतं बघत बसले, पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही दिलं नाही. म्हणजे टेस्ट होत होती, उपचार नव्हते. अविश्वास नेमका तिथलाच आहे ना, की तपासतील आणि मग पुढे काय?

आता आजचं पुढे काय बघा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, तिन्ही राज्यांनी मेडिकेडचा (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पूर्ण विस्तार केला नाही. अलाबामात मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असो, मेडिकेड नाही. रायन व्हाइट आहे, मान्य, पण त्यासाठी पगाराचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि रोजंदारीवरची सुट्टी. मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याने पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा?

अनामिक:
मी मराठी, गे, अटलांटाशेजारच्या ग्विनेट काउंटीत राहतो. माझ्याकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) मला फुकट मिळते, दर 3 महिन्यांनी टेस्ट आपोआप होते, मला धैर्य वगैरे काही लागत नाही. माझा ब्लॅक मित्र बारमध्ये काम करतो, इन्शुरन्स नाही. देशातल्या ज्या 48 काउंटींवर सरकारने 2019 मध्ये एचआयव्हीसाठी खास लक्ष द्यायचं ठरवलं त्यात ग्विनेट आहे, आणि त्याच वर्षी इथल्या मतदारांनी मार्टा (अटलांटाची ट्रेन-बस सेवा) नको म्हणून मत दिलं, ट्रेन आलीच नाही. रात्रपाळी करून दोन बस बदलून क्लिनिकला जायचं. तो माझ्यापेक्षा जास्त जबाबदार आहे, विनय, हे मी जवळून बघतोय. घरच्या किटचं म्हणाल तर पॉझिटिव्ह आली तरी पक्की टेस्ट क्लिनिकमध्येच करावी लागते, आणि ती 20 मिनिटं माणूस एकटा असतो.

रश्मी_फार्मा:
मला दोघांशीही भांडायचंय. ब्लॅक गे पुरुषांचे फोटो लावून पोस्टर, त्यांच्याच बारबाहेर व्हॅन, यानेच हा रोग "त्यांचा" ठरतो. सीडीसीने 2006 मध्येच सांगितलंय की 13 ते 64 वयाच्या सगळ्यांची नेहमीच्या तपासणीत टेस्ट करा, नको असेल तो नाही म्हणेल. बीपी बघतात तसं. मग त्या मुलाला चर्चच्या पार्किंगमध्ये यायचीच गरज नाही.

मंजिरी_अटलांटा:
रश्मी, हे व्हायलाच हवं, पण डॉक्टरकडे जाणाऱ्यालाच त्याचा उपयोग, आणि ज्याच्याकडे डॉक्टर नाही तो नेहमीच्या तपासणीला येणार कुठून? एमर्जन्सीत करतात काही ठिकाणी, सगळीकडे नाही. व्हॅन बंद केली तर हीच मुलं आधी सुटतात. आणि पोस्टर लावणारे, बॉलरूमच्या (ब्लॅक आणि लॅटिनो गे-ट्रान्स लोकांच्या नाच-फॅशनच्या स्पर्धा) रात्री टेबल मांडून बसणारे बरेचसे स्वतः ब्लॅक गे पुरुषच आहेत, बाहेरून कुणी त्यांच्यावर शिक्का मारत नाहीये.

रश्मी_फार्मा:
तरीही पैसा मर्यादित आहे. मी तो आधी एमर्जन्सी विभागात घालीन. तिथे कुणाला काही सांगून यावं लागत नाही.

सुहास_डेकॅटर:
एक गोष्ट राहिली, कायदा. जॉर्जियात पॉझिटिव्ह असल्याचं माहीत असून जोडीदाराला न सांगता संबंध ठेवले तर 10 वर्षांपर्यंत कैद होती, लागण झाली नाही तरी. टेस्टच केली नाही तर गुन्हाच नाही. ज्याच्या भावाला, चुलत्याला पोलिसांनी उचललेलं त्याने बघितलंय, तो हा हिशेब करणारच.

विनय_पुणे:
पण जोडीदारालाही हक्क आहे ना जाणून घ्यायचा? लपवणाऱ्याला शिक्षा नको? आणि तो कायदा 2022 मध्ये बदलला असं मी वाचलंय, आता हेतू सिद्ध करावा लागतो. मग आता कारण काय?

मंजिरी_अटलांटा:
जोडीदाराचा हक्क आहेच. पण नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की संबंधातून लागण होत नाही, आणि औषध सुरू व्हायला आधी टेस्ट लागते. जुना कायदा तिथेच आडवा येत होता. बदलला ते चांगलंच झालं, पण मागच्याच महिन्यात एकाने फॉर्म भरताना मला विचारलं की हे नाव पोलिसांकडे जातं का. मी समजावलं, त्याने पेन खाली ठेवलं, म्हणाला आधी मित्राला विचारून येतो. हे 2022 नंतरचंच आहे, विनय.