अवे मॅचला गेलेल्यांनो, इथे लिहा

युरोपातल्या फुटबॉल फॅन लोकांचं बरंय, अवे मॅच म्हणजे समोरच्या टीमच्या गावात जाऊन बघायची मॅच असली तरी सकाळची ट्रेन, दुपारी मॅच, रात्री आपल्या अंथरुणात. आपल्याकडे पुण्याचा क्लब बंद पडल्यापासून मुंबई सिटी क्लबवाल्यांना सगळ्यात जवळची अवे म्हणजे गोवा, तीही रात्रभराची, आणि बाकी कोची, कोलकाता, गुवाहाटी वगैरे रजा टाकल्याशिवाय होतच नाही. तर ज्यांनी ज्यांनी असले उपद्व्याप केलेत त्यांनी लिहा. आयएसएल (इंडियन सुपर लीग), आय-लीग, भारताच्या मॅचेस, सगळं चालेल. टीव्हीवर बघितलेलं मात्र नको प्लीज.

सुरुवात मी करतो. २०२४ ला मी वीस दिवसांत दोनदा कोलकात्याला गेलो. पहिल्यांदा १५ एप्रिलला, लीगची शेवटची मॅच, समोर तिथलाच मोहन बागान, आणि आम्हाला शील्डसाठी, म्हणजे लीगमध्ये पहिलं यायला, नुसता ड्रॉ पुरत होता. गीतांजली एक्स्प्रेसने निघालो, नागपूरला ग्रुपमधल्या एकाचे बाबा दहा जणांना पुरेल एवढा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे, आम्ही निळ्या जर्सीत दारात लोंबकळतोय, एकदम वरात चालल्यासारखं वातावरण. आणि एवढं करून २-१ हरलो. ८९व्या मिनिटाला आमच्या छांगतेने एक परत केला तेव्हा वाटलं होतं होतंय आता, नाही झालं. साठ हजार माणूस नाचतंय आणि आपण एका कोपऱ्यात, आणि गर्दी पांगेपर्यंत आपल्याला बाहेरही सोडत नाहीत, म्हणजे त्यांचा जल्लोष सक्तीने बघायचा.

परतीच्या गाडीत शपथ घेतली, लीगनंतरच्या आयएसएल फायनलला परत बागानच समोर आले तर जायचं नाही. आलेच. ४ मे, परत कोलकात्याचं तेच सॉल्ट लेक स्टेडियम. गेलोच. हाफ टाइमच्या तोंडावर बागानच्या कमिन्सने गोल मारला तेव्हा माझ्या बाजूचा शांतपणे मोबाईलवर परतीच्या तिकिटाचं वेटिंग बघायला लागला. मग आमच्या डियाझने बरोबरी केली आणि ८१व्या मिनिटाला बिपिन. त्या मॅचची अधिकृत गर्दी ६२,००७ आहे, आणि बिपिनच्या गोलनंतर, आमचा ढोल गेटवरच अडवला होता म्हणून आमच्यातला एकजण रिकाम्या खुर्चीवर तळहाताने ठेका धरत होता, तो ठकठक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. एवढं चिडीचूप. शेवटी वोयटुसने तिसरा मारला तोवर अर्धं स्टेडियम घरी निघालेलं.

२०२१ ला याच बिपिनने बागानविरुद्धच ९०व्या मिनिटाला मारून आपल्याला पहिलं टायटल दिलं होतं, पण ते कोविडचं वर्ष, गोव्याचं फातोर्डा स्टेडियम रिकामं, मी घरी सोफ्यावर एकटा ओरडतोय आणि आई म्हणतेय शेजारी काय म्हणतील. ती उधारी होती डोक्यात.

*

माझा किस्सा याच्या बरोबर उलटा. मार्च २०१९, आयएसएलची सेमीफायनल, मुंबई सिटी विरुद्ध गोवा, दोन लेगची, म्हणजे एक मॅच इथे आणि एक तिथे. आम्ही मैत्रिणींनी दुसऱ्या लेगची, म्हणजे १२ मार्चच्या फातोर्ड्याच्या मॅचची कोकणकन्येची तिकिटं आधीच काढून ठेवलेली, कारण काय तर पहिली लेग आपल्या घरी आहे, जिंकूच. ९ तारखेला अंधेरीत गोव्याने ५-१ हाणलं.

आता काय करायचं? कॅन्सल करून कितीसे परत मिळणार, आणि ऑफिसात रजा मंजूर, चौघीही हट्टी. गेलो. रात्रभर गाडीत कोणीही मॅचचं नाव काढलं नाही, अगदी घरात काहीतरी अशुभ झाल्यावर बसतात तशा बसलो होतो. मडगावला रिक्षावाल्याने जर्सी बघितली, आधी हसला आणि मग म्हणाला, ताई, तुम्ही आलात हेच खूप.

आणि सहाव्या मिनिटाला बास्तोसने गोल मारला! मी खरं सांगते, त्या क्षणी आम्ही चौघी बोटांवर मोजत होतो, दोन्ही मॅचेसची बेरीज बरोबरीत यायला अजून तीन, फक्त तीन. पुढची ८४ मिनिटं आमची ती मोजणी चालूच होती. १-० जिंकलो आणि बाहेर पडलो. बाहेर म्हणजे स्पर्धेतून पण. माझ्या अवे जिंकलेल्या मॅचेसच्या यादीत ती पहिली आहे आणि मी ती अभिमानाने सांगते, कोणी ॲग्रीगेट, म्हणजे ती बेरीज, विचारली तर विषय बदलते.

एक तक्रार सगळ्याच स्टेडियमबद्दल. अवे स्टँडमध्ये बायका येतील हे कोणाच्या डोक्यातच नसतं. टॉयलेट शोधत अर्धा हाफ जातो. यावर वेगळं लिहीन कधीतरी, इथे नको.

*

"पुण्याचा क्लब बंद पडल्यापासून" हे वाचून कळ आली. एक नाही हो, पुणे एफसी २०१५ ला गेला, एफसी पुणे सिटी २०१९ ला. मी दोघांचाही. आता मला होमच नाही तर अवे कुठली, मी कुठेही गेलो तरी पाहुणाच. ६ नोव्हेंबर २०२३ ला मुंबई सिटीची आशियाई चॅम्पियन्स लीगची 'होम' मॅच आमच्या बालेवाडीत होती, नेमारच्या सौदी क्लबशी, अल हिलालशी. नेमार येणार म्हणून लोकांनी धडाधड तिकिटं काढलेली आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा गेला. मुंबईवाले एक्स्प्रेसवेने बसेस भरून आले, होम जर्सी घालून, माझ्या स्टेडियममध्ये, आणि गेट कुठलं ते मला विचारत होते. मी दाखवलं. त्यांच्यातच बसलो. ०-२ हरले पण टीम लढली चांगली. ज्या स्टँडमध्ये मी आपल्या टीमसाठी घसा फोडलाय तिथे दुसऱ्यांची गाणी मला अर्धवट येत होती, ओठ हलवत होतो नुसते.

*

मी कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉलचं येड रक्तातच. आमच्याकडं पेठेपेठेत तालमीचा संघ असतोय आणि शाहू स्टेडियमला जायला दहा मिनिटं पुरतात, त्यामुळं अवे बिवे आमाला म्हाईतच नव्हतं. २०१७ ला सतरा वर्षाखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि टीममध्ये आमच्या गावचा अनिकेत जाधव. मग काय, पाचजण सुटलो दिल्लीला. दीड दिवसाचा प्रवास, बर्थ दोनच कन्फर्म, पाळीपाळीनं झोपायचं. गाडीत आख्ख्या डब्याला सांगून झालं की आमचा पोरगा वर्ल्ड कप खेळतोय, एका काकूंनी तर पेढे मागितले.

९ ऑक्टोबर, कोलंबिया. १-० पाठीमागं होतो. ८२व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि जॅकसनचं हेडर, गोल! वर्ल्ड कपमध्ये भारताचा पयला गोल, कुठल्याबी वयाच्या वर्ल्ड कपमध्ये. मी पाठीमागच्या रांगेतल्या एका सरदारजीला असली मिठी मारली की त्याचा चष्मा माझ्या जर्सीत अडकला. तो सोडवतोय सोडवतोय, आणि स्टेडियम एकदम गप. वळून बघतोय तर कोलंबियानं दुसरा मारलेला. एका मिनिटात. तो गोल मी आजपर्यंत मुद्दाम बघितलेला न्हाई. सरदारजी म्हणाला, हमारा वाला देख लिया ना, बस.

*

कोल्हापूरकर, तोच वर्ल्ड कप, माझी फजिती ऐका. मी नेरुळचा, ब्राझीलचा भक्त. ब्राझीलची सेमीफायनल २५ ऑक्टोबरला गुवाहाटीत म्हणून मी जरा लवकरच गेलो, म्हणजे २१ ची माली-घानाची क्वार्टर फायनलपण तिथेच बघता येईल. बघितली. आभाळ फाटलं होतं, बॉल मारला की चिखलात जागीच थांबायचा, माली २-१ जिंकली. मला काय मजा वाटली! मोबाईलवर शूट करत होतो. मला काय माहीत की माझ्या डोळ्यांदेखत माझीच सेमीफायनल वाहून चाललीय.

पिचची वाट लागली म्हणून सेमीफायनलच्या दोन दिवस आधी ती कोलकात्याला हलवली. हॉटेलवाला म्हणाला राहा की, कामाख्या बघा. दुसऱ्या दिवशी दुपारची सरायघाट एक्स्प्रेस, जनरलच्या डब्यात, दरवाजापाशी बॅगेवर बसून पहाटे हावडा. कोलकात्याचं तिकीट कसं मिळवलं ते इथे लिहीत नाही. इंग्लंडच्या ब्रूस्टरने हॅटट्रिक मारली, इंग्लंड ३-१, ब्राझील घरी.

पण खरा जोक पुढेच आहे. दुसरी सेमीफायनल त्याच दिवशी, माली विरुद्ध स्पेन, डी. वाय. पाटीलला होती. माझ्या घराच्या गच्चीवरून लाईट दिसतात. बायकोने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, इकडे बघ, तुझी माली आलीय.

*

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं हसून!! नवीन जाणाऱ्यांसाठी थोडंसं. खिशात नाणी ठेवू नका, गेटवर काढून घेतात, परतीच्या बसला सुट्टे लागतात तेव्हा आठवतं. पॉवर बँकही घेत नाहीत आत, रूमवरच ठेवा. आणि मॅच संपल्यावर तासाभराने गाडी असेल असलं बुकिंग करू नका, तुम्हाला स्टँडमध्ये थांबवून ठेवतात. मी गुवाहाटीला अशी गाडी घालवलीय. बाकी काही नाही.

*

मी फॅन म्हणून नाही, नोकरीसाठी शिलाँगला होतो. ३० एप्रिल २०१७, आय-लीगचा शेवटचा दिवस, शिलाँगचा लाजाँग विरुद्ध मिझोरमचा आयझॉल. आयझॉलला टायटलसाठी एक पॉइंट पुरत होता. आदल्या सीझनला हा क्लब रेलिगेट, म्हणजे लीगमधून खाली गेलेला, गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून यांना परत घेतलं, आणि हे चक्क टायटलच्या दारात. सकाळी चहाला बाहेर पडलो तर मिझोरमच्या नंबर प्लेटच्या गाड्यांची रांगच रांग, टपावर लाल झेंडे, काचांवर चिखल, रात्रभर घाटातून आलेले. एका सुमोच्या बॉनेटवर एक म्हातारे गृहस्थ कोट घालून बसल्या बसल्या झोपलेले, त्यांच्या मांडीवर नातू, तो टक्क जागा.

त्यांच्यामुळे मी तिकीट काढलं. लाजाँगने आधी मारला, आयझॉलने दुसऱ्या हाफमध्ये फेडला, १-१. ईशान्येकडचा पहिला चॅम्पियन. मला त्या नातवाचं तोंड बघायचं होतं, पण गर्दीत सापडले नाहीत. त्याआधी मी आयुष्यात क्रिकेटशिवाय काही बघितलं नव्हतं.

*

नमस्कार. अगदी वर ज्या डब्याचा उल्लेख आलाय तो डबेवाला बाप मीच. मुलाने लिंक पाठवली म्हणून लिहितोय. मला फुटबॉलमधलं काही समजत नाही, ऑफसाइड तर त्याने दहादा सांगितलं असेल. त्या दिवशी त्याच्या आईने दुपारपासून पोळ्या लाटल्या, झुणका, ठेचा, मी म्हटलं अगं पोरं मॅचला चालली आहेत, लग्नाला नाही. गाडी नागपूरला संध्याकाळी येते, थांबते थोडाच वेळ, तेवढ्यात डबा द्यायचा, मुलाला बघायचं, झालं. तो मुंबईला नोकरीला लागल्यापासून दिवाळीलाही दोनच दिवस येतो. पण कोलकात्याला मॅच असली की जाताना एकदा आणि येताना एकदा भेटतो, म्हणून आम्हाला कोलकात्याची मॅच आवडते.

हरून परत आले तेव्हा सकाळची गाडी होती. पोरं सगळी झोपलेली, हाच एकटा दारात उभा, डबा हातात, धुवून आणलेला. मी विचारलं काय झालं, म्हणाला काही नाही बाबा, २-१. मी म्हटलं म्हणजे जिंकलात का? तर हसला जरा. गाडी सुटल्यावर डबा उघडून बघितला, आत आईसाठी संदेश होते, कोलकात्याची मिठाई.