१८८० ची अमेरिकन निवडणूक : कॅलिफोर्नियाचं ते एक मत कुठे गेलं?

नकाशावेडा
जुन्या अमेरिकन निवडणुकांचे नकाशे चाळत बसलोय. १८८० ला कॅलिफोर्नियाची सहा इलेक्टोरल मतं (म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधींची, इलेक्टर्सची मतं), त्यातली पाच डेमोक्रॅट हॅनकॉकला आणि एक रिपब्लिकन गारफिल्डला. माझ्या डोक्यात हेच फिट आहे की राज्यात जो पुढे त्याच्या पदरात सगळं, मग हे एक कसं काय फुटलं? कुणी इलेक्टर ऐनवेळी फितूर झाला का? आणि देशात गारफिल्ड २१४-१५५ ने जिंकला तर इथे कसा मागे पडला, १८७६ ला तर हे राज्य त्याच्याच पक्षाच्या हेजला गेलं होतं ना.

कंदीपेढा
फितूर कुणी नाही झालं, लोकांनीच एकाला पाडला. तेव्हा मत थेट हॅनकॉकला जायचं नाही, त्याच्या सहा इलेक्टर्सना एकेकाच्या नावाने जायचं. मतपत्रिका सरकार छापत नव्हतं, पक्ष छापायचे, त्यावर सगळी नावं ओळीने आणि ती चिठ्ठी तशीच पेटीत टाकायची. पण एखादं नाव डोक्यात जात असेल तर त्यावर काट मारायची मुभा होती. आपल्याकडे कारखान्याच्या निवडणुकीत अख्खं पॅनल येतं आणि एकच गडी बरोब्बर पडतो, तसंच. सगळ्यात जास्त मतं मिळालेले सहा जण निवडून येणार, त्यात पाच डेमोक्रॅट आले आणि सहावा रिपब्लिकन.

पडलेल्याचं नाव डेव्हिड टेरी. हा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा चीफ जस्टिस होता आणि १८५९ मध्ये त्याने सिनेटर ब्रॉडरिकला द्वंद्वयुद्धात मारलं. दोघेही डेमोक्रॅट बरं का, पण ब्रॉडरिक गुलामगिरीच्या विरोधात आणि टेरी बाजूने. सॅन फ्रान्सिस्कोजवळ लेक मर्सेडच्या बाजूला पहाटे उभे राहिले, ब्रॉडरिकच्या पिस्तुलाचा घोडा इतका हलका की नेम धरायच्या आतच गोळी सुटून जमिनीत घुसली, मग टेरीने सावकाश नेम धरून छातीत मारली. तिसऱ्या दिवशी ब्रॉडरिक गेला. एकवीस वर्षांनी त्याच्या जुन्या माणसांनी पक्षाची चिठ्ठी टाकली पण टेरीच्या नावावर काट मारूनच.

तिरसट_तात्या
गोष्ट झक्कास आहे पण फार भाव देऊ नका. मुळात हॅनकॉक आणि गारफिल्ड दोघांनाही ८० हजारांच्या वर मतं आणि फरक फक्त १४४ चा!! एवढ्याशा फरकात कुणाच्याही नावावर शे-दोनशे काटा पडल्या तरी तो गेला. १८९२ आणि १८९६ ला पण कॅलिफोर्नियात ८-१ अशीच फूट पडली, तिथे कुठलं आलंय द्वंद्वयुद्ध. पद्धतच तशी होती.

कंदीपेढा
तात्या, पद्धतीमुळे कुणीतरी पडू शकतो हे मान्य, पण सहातला नेमका हाच का पडला ते पण बघा की. तेव्हाही लोकांनी ब्रॉडरिकचंच नाव घेतलं होतं.

सोनचाफा
गारफिल्ड का हरला ते राहिलंच. मुद्दा चिनी मजुरांचा. १८७९ ला कॅलिफोर्नियाने यावर कौल घेतला होता, चिनी स्थलांतराच्या विरोधात १,५४,६३८ आणि बाजूने फक्त ८८३, म्हणजे विषय किती तापलेला बघा. आणि मतदानाला दोन आठवडे राहिले असताना न्यूयॉर्कच्या एका पेपरात गारफिल्डच्या सहीचं पत्र छापून आलं की मालकांना स्वस्तातला मजूर कुठूनही आणायचा हक्क आहे. पत्र चक्क बनावट होतं, गारफिल्डने नाकारलंही, पण पश्चिमेकडे ते पसरायचं तेवढं पसरलं. शेजारचं नेवाडा पण हॅनकॉककडेच गेलं. माझ्या मते १४४ मतांसाठी हे पत्र पुरेसं होतं, टेरी हा नुसता साईड ट्रॅक. दोनच वर्षांनी १८८२ ला चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाही झाला.

नकाशावेडा
भारीच!! नकाशात एवढं कुठे कळतं. या टेरीचं पुढे काय झालं?

कंदीपेढा
१८८९ ला लॅथ्रॉप स्टेशनवर नाश्त्याच्या टेबलाशी त्याने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस फील्डला कानफटवलं, फील्डच्या बॉडीगार्डने तिथेच गोळी घातली. हा फील्ड म्हणजे टेरीनंतर कॅलिफोर्नियाचा चीफ जस्टिस झालेला माणूस. बॉडीगार्डची केस पुढे वॉशिंग्टनपर्यंत गेली आणि तो सुटला, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.