दात इम्प्लांट करून घेतलेल्यांनो, अनुभव लिहा ना

रामबागची लेक
काल मुलगा इथल्या इंदूरच्या सराफा बाजारातून गराडू, म्हणजे थंडीतला तळलेला कंद, घेऊन आला. गरमागरम, वरून मसाला, लिंबू पिळलेलं. वास आला आणि मला एकदम आईच आठवली. तिच्या दाढा पन्नाशीच्या आतच गेल्या होत्या, पुढचाही एक दात नव्हता, हसताना पदर तोंडाशी. थंडीत आमच्यासाठी गराडू तळायची आणि स्वतः आतला मऊ गर तेवढा खायची, कुरकुरीत कडा आमच्या ताटात. आम्हाला वाटायचं तिला कडा आवडतच नाहीत. किती वर्षं असंच वाटत होतं.

माझी खालची दाढ २०१४ ला काढली. मागची आहे, कुणाला दिसतेय म्हणून तशीच सोडली ती थेट परवापरवापर्यंत. तोवर शेजारची दाढ त्या खड्ड्यात कलली, वरची खाली उतरली, मी एकाच बाजूने चावत राहिले. शेवटी गेल्या वर्षी गेले तर स्कॅनमध्ये दिसलं की तिथलं हाड झिजलंय, आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे तिथे हाडाची भर घालावी लागेल. म्हणजे तेव्हाच गेले असते तर कदाचित हे वाचलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. ग्राफ्टनंतर सहा महिने थांबले, मग हाडात इम्प्लांटचा स्क्रू, मग परत चार महिने, मग त्यावर दाताची कॅप. स्क्रू बसवताना खरंच दुखलं नाही, दाढ काढताना जास्त दुखलं होतं. काल कडांसकट गराडू खाल्ले आणि रडू आलं.

तुम्ही केलं असेल, आईवडिलांचं केलं असेल तर लिहा.

सुदामानगरकर
ताई, वाचून गलबललं. माझी आजी भाकरी दुधात कुस्करून खायची, आम्ही समजायचो तिला तशीच आवडते.

बाबांची छकुली
आमच्या बाबांचं केलं, वय ७१, शुगर आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी मागितली, ती नऊच्या वर, सरळ परत पाठवलं, म्हणाले जखम भरणार नाही नीट, आधी ही खाली आणा. मला तेव्हा राग आला होता पण आता वाटतं किती चांगला माणूस. बाबांनी सकाळी पोह्यांसोबतची जिलबी सोडली, इंदूरात जन्म काढलेल्या माणसाने जिलबी सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, रोज चालायला लागले, चारेक महिन्यांत सातवर आली. मग खाली फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर कवळी टिचबटणासारखी बसते, रात्री काढून धुवायची. पूर्वी बोलताना कवळी हलायची म्हणून चारचौघांत गप्प बसायचे, यंदा गणपतीत आरती मोठ्याने म्हणाले, आई बघतच राहिली!!

थंडीतला मालवा
गराडू आले का बाजारात?? इतक्यात?

रामबागची लेक
आले हो, भाव जरा चढे आहेत. छकुली, बाबांना माझा नमस्कार सांग.

निवृत्त हायजिनिस्ट
मी बरीच वर्षं दातांच्या दवाखान्यात काम केलंय म्हणून थोडं लिहिते. ते चार-सहा महिने थांबवतात ते उगाच नाही. स्क्रूच्या टायटेनियम धातूला हाड अक्षरशः चिकटून वाढतं, आणि हे सापडलं वेगळंच काही शोधताना. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटेनियमचं उपकरण बसवून रक्तप्रवाह बघत होते, नंतर ते काढायला गेले तर निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि त्या गृहस्थांचे ते चाळीस वर्षं टिकले. वरच्या जबड्याचं हाड जास्त पोकळ असतं म्हणून तिथे बऱ्याचदा जास्त थांबावं लागतं. आणि एक कळकळीने सांगते, इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून लोक घासायचा आळस करतात, पण भोवतालची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं. बारीक फटीतला ब्रश वापरा, रोज. हिरडीतून रक्त आलं तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

तुकोगंज ते राजवाडा
माझा फेल गेला होता. स्वस्त ऑफर बघून गेलो, कुठे ते लिहीत नाही, स्कॅन न करता साध्या एक्सरेवर बसवला, सिगारेट ओढता का हेसुद्धा कुणी विचारलं नाही, मी ओढत होतो. तीन महिन्यांत स्क्रू हलायला लागला, काढावा लागला. पैसे गेले त्यापेक्षा हाड गेलं त्याचं दुःख जास्त. सिगारेट सोडली, वर्षभराने दुसरीकडे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन करून परत केला, तीन वर्षं झाली, घट्ट आहे. त्यामुळे भाऊ लोकांनो सिगारेट सोडा आधी.

सुदामानगरकर
सोडलीत हे फार मोठं काम केलंत दादा, अभिनंदन.

पलासियाची मावशी
हाडांच्या ठिसूळपणाची गोळी घेणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना आधी सांगा हं. आठवड्यातून एकदा घ्यायची असते ती. काहींच्यात दात काढल्यावर किंवा इम्प्लांट केल्यावर जबड्याचं हाड भरायला त्रास होतो. मला वाटलं दाताचा आणि गुडघ्याच्या डॉक्टरांच्या गोळीचा काय संबंध, म्हणून बोललेच नव्हते, सुनेने पिशवीतून गोळ्या काढून दाखवल्या. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानेच बंद करू नका.

बाबांची छकुली
मावशी तुमची सून गुणाची आहे.

पलासियाची मावशी
आहेच. तिच्या हातचा भुट्ट्याचा कीस खायला या सगळे.

नवीन इंदूरकर
पण शेजारच्या दातांच्या आधारावर बसवतात तो ब्रिज स्वस्त पडत नाही का? मला एकच दात आहे घालायचा.

निवृत्त हायजिनिस्ट
सुरुवातीला पडतो. पण ब्रिजसाठी दोन्हीकडचे दात घासून बारीक करावे लागतात. त्यांच्यावर आधीच कॅप असेल तर ब्रिज चांगलाच, पण धडधाकट असतील तर माझा जीव होत नाही ते घासायला. तुमचे कसे आहेत ते विचारून घ्या.

एकटीच
माझं येत्या मंगळवारी आहे, वरचे दोन. मुलगा पुण्यात, हे नाहीत आता. दुखत नाही म्हणता सगळे पण मला सुईचीच भीती वाटते. घरी परत येताना गरगरतं का?

रामबागची लेक
नुसती जागेवरची भूल असते, साधारण नाही गरगरत, पण ओठ-गाल बधिर असतात, तेवढा वेळ गरम काही घेऊ नका, कळत नाही भाजलेलं. दोन-तीन दिवस सूज येते, बर्फाने शेका. किती वाजता आहे?

एकटीच
अकरा. गीताभवन मंदिराजवळ.

पलासियाची मावशी
अगं मग मी येते ना. दहा मिनिटांवर राहते. साडेदहाला मंदिराच्या दाराशी उभी राहते, मऊ खिचडी डब्यात घालून आणते, गार करून. हिंग चालतो ना तुला?