शब्दचर्चा: इंडेक्स म्हणजे सूची की अनुक्रमणिका? आणि ‘नंबर फॉरमॅट’ला काय म्हणायचं?

ताकभात
डिप्लोमाच्या मुलांसाठी डेटाबेसवर मराठीतून टिपण लिहायला घेतलंय. टेबल, ओळ, रकाना इथवर गाडी बरी चालली, इंडेक्सपाशी अडली. मी ‘अनुक्रमणिका’ लिहिलं, मित्राने ते खोडून ‘निर्देशांक’ केलं. दुसरा अडसर ‘नंबर फॉरमॅट’चा. ‘संख्या-स्वरूपण’ लिहिलं आणि वाचून माझं मलाच कसंतरी झालं. काय सुचवाल?

खडूफळा
निर्देशांक नको. तो शेअर बाजाराचा नि महागाईचा, रोज चढणारा-उतरणारा. अनुक्रमणिकाही नको. ती पुस्तकाच्या सुरुवातीला असते आणि पानांच्याच क्रमाने चालते. तुम्हाला हवी ती पुस्तकाच्या शेवटची सूची. पुस्तक जसं लिहिलं तसंच राहतं, सूचीतले शब्द मात्र अकारविल्हे लावलेले, शेजारी पानांचे आकडे. डेटाबेसचा इंडेक्स हुबेहूब असाच असतो. (‘अकारविल्हे’ हा शब्द जाता जाता वापरून घेतो. मरायला टेकलाय बिचारा.)

उंबरठा
‘सूची’ला +१. आणि हा शब्द आपल्या घराच्या कागदांत आधीच आहे. फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा, ‘इंडेक्स टू काढलास का?’ त्या कागदावर ठळक छापलेलं असतं: सूची क्र. २.

नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम ५५ काढून बघा. सूची क्रमांक १ दस्त करून देणाऱ्या-घेणाऱ्या माणसांच्या नावांची, सूची क्रमांक २ मालमत्तेच्या तपशिलाची. दस्त पुस्तकात एकदाच नोंदलेला, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा दोन. एका टेबलावर दोन इंडेक्स, तेही संगणक यायच्या कितीतरी आधी. कलम ५४ तर त्याहून गोड आहे: दस्ताची नोंद झाली की सूचीतली नोंदही शक्य तितकी लगेच करायची. म्हणजे प्रत्येक नव्या ओळीमागे प्रत्येक सूचीत एकेक जादा नोंद. दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावत सुटणाऱ्यांना हे वाचून दाखवावं, लिहिणं का मंदावतं ते कळेल.

ओसरीवरून
एक फाटा फोडतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत टेबलच प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख असलेल्या रकान्याच्या) क्रमाने लावून ठेवलेलं असतं. तिथे वेगळी सूची कुठली? ते शब्दकोशासारखं, मजकूर हाच क्रम. त्याला सूची म्हणाल का?

खडूफळा
बरोबर पकडलंत. त्याला ‘क्रमवार टेबल’ म्हणू, सूची बाकीच्यांसाठी ठेवू.

रकानेवाला
आता ताकभातांच्या दुसऱ्या शब्दाकडे येतो, कारण त्यात मी तोंडावर पडलोय.

एका पतसंस्थेसाठी थकबाकीचा रिपोर्ट लिहिला होता. मोठी रक्कम वर, छोटी खाली. पहिल्याच बैठकीत सर्वात वर ९,५०० वाला, त्याच्याखाली ८५,००० वाला आणि तळाशी १२,००,००० वाला निवांत बसलेला. डेटा ठीक होता, रकाना अंकी होता, त्यावर इंडेक्सही होता. घोळ माझा. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, रक्कम स्वल्पविराम घालून काढली आणि त्या निकालालाही ‘रक्कम’ हेच नाव दिलं. क्रम लावताना डेटाबेस निकालातलं नाव आधी बघतो. त्यामुळे त्याने मजकूर म्हणून क्रम लावला: ९ मोठा, ८ त्याहून लहान, १ सर्वात लहान. इंडेक्स बिचारा बाजूला पडून राहिला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तीन शब्द वेगळे झालेत. संख्या साठवायची. आकडा दाखवायचा, म्हणजे तीच संख्या स्वल्पविराम घालून, दोन दशांशांत वगैरे. आणि क्रमांक हा तिसराच प्राणी. पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक दिसतात अंकी, पण त्यांची बेरीज कुणी करत नाही आणि सुरुवातीचं शून्य गळलं तर खातंच बदलतं. ते अक्षरी रकान्यात. तेव्हा तुमच्या ‘स्वरूपणा’ला सरळ आकडेमांडणी म्हणा.

उंबरठा
वा! चेकवर ‘अंकी’ आणि ‘अक्षरी’ लिहितोच आपण. अंकी रकाना, अक्षरी रकाना. मुलांना लगेच कळेल.

ओसरीवरून
रकानेवाला, तुमच्या ‘क्रमांका’ला एक शेपूट जोडतो. क्रमांक अक्षरी रकान्यात ठेवलात, त्यावर सूची केलीत, आणि शोधताना अवतरणचिन्हांशिवाय नुसती संख्या दिलीत, तर मायएसक्यूएल सूची वापरूच शकत नाही. कारण मजेशीर आहे. ‘१’, आधी मोकळी जागा असलेला ‘१’ आणि ‘१a’ या तिन्ही मजकुरांची संख्या त्याच्या लेखी १ होते. सूचीत तिघे तीन ठिकाणी, मग बघायचं कुठे? सगळं टेबल चाळतो. याच सैलपणामुळे ‘१,२३,४५६’ असा मजकूर बेरजेत घेतला की पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून १ धरतो. नुसता इशारा देतो, तोही कोण वाचतो! पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस जास्त खडूस आहे, सरळ नकार देतो. मला खडूस आवडतो.

शोधाच्या अटीत रकान्यावर फंक्शन (रकान्यातून काहीतरी काढून देणारी क्रिया) चढवलं की तीच गत. तारखेतून वर्ष काढून २०२४ शी तुलना करू नका. १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत असं विचारा, सूची कामाला येते. अगदीच हवं असेल तर फंक्शनच्या निकालाची सूची करता येते. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ या आवृत्तीपासून.

शेतमळा
गट क्रमांकाचं काय? ‘११२/२अ’ हे अंकी की अक्षरी? आमच्याकडे यादीत ११२ नंतर १२ येतो आणि शेतकरी हसतात.

रकानेवाला
फोडा. गट अंकी रकान्यात, हिस्सा अक्षरी रकान्यात, सूची दोन्हींवर मिळून याच क्रमाने. तिरकी रेघ फक्त छापताना. नुसत्या हिश्शावरून शोधलंत तर मात्र ही सूची उपयोगाची नाही. टेलिफोन डिरेक्टरीत आडनाव न सांगता नुसतं ‘संजय’ शोधून बघा.

खडूफळा
अवांतर: ही सूची बहुधा ‘बी-ट्री’ असते, म्हणजे झाडासारखी फांद्याफांद्यांची, वरून पायरी-पायरीने खाली उतरायची रचना. बायर आणि मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंगमध्ये असताना मांडलेली. एका पानावर ३०० नोंदी धरल्या तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख ओळी. पण त्यातला ‘बी’ कशाचा, हे दोघांनी कधी उलगडून सांगितलंच नाही. शब्दचर्चेचा खरा धागा तो.

ताकभात
ठरलं. सूची, आकडेमांडणी, अंकी-अक्षरी रकाना. टिपणातला नमुना डेटा मात्र आता दुरुस्त करायला बसतो. मी भाषाप्रेमाच्या भरात सगळ्या रकमा देवनागरी अंकांत टाइप केल्या होत्या आणि पोस्टग्रेसने एकही ओळ आत घेतली नाही.

ओसरीवरून
म्हटलं नव्हतं, खडूस आहे?