सरसकट सिरॅमिक क्लच टाका म्हणणाऱ्यांना

महूनाकावाला:
काल एका भाऊंनी पोस्ट टाकली की मॅन्युअल फोर बाय फोर घेतली की पहिलं काम म्हणजे कंपनीचा क्लच काढून फेका, सिरॅमिक बटन प्लेट (घासायच्या जागी सिरॅमिकच्या टिकल्या असलेली क्लच प्लेट) आणि हेवी प्रेशर प्लेट टाका, कारण "कंपनीचे क्लच कागदाचे असतात, इंदूरजवळच्या चोरलच्या चढावर धूर निघाला". खाली पटापट अंगठे पण पडले. नवीन गाडी घेतलेली पोरं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवायला जातात म्हणून लांब लिहून राहिलो, चिडू नका.

भाऊ, धूर निघाला तेव्हा गाडी कशात होती? फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीचंच उंच गिअरिंग), पहिला गिअर, खाली बाहेरून टाकलेले मोठे टायर. हे तुम्हीच कमेंटमध्ये सांगितलंय. गाडीचं नाव तुम्ही घेतलं नाही, मीपण घेत नाही. पण हिशेब बघा. जिमनीचा १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिलीमीटर उंच आहे, तिथे २३५/७५ टाकला की ७३३ होतो, म्हणजे जवळपास सहा टक्के गिअरिंग उंच. जुन्या जिप्सीला २०५/७० काढून ३१ इंची चढवणारे तर गिअरिंग अठरा टक्के उंच करून बसतात, आणि मग सांगत फिरतात की गाडी उचलत नाही. हा सगळा बोजा गाडी सुटताना कोण घेणार? प्लेट किती जोर लावते, किती घसरते आणि किती वेळ घसरते, तेवढी गरम होते, यात जादू काही नाही. थारच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) लो चा, म्हणजे हळू पण जास्त जोराच्या गिअरिंगचा, रेशो २.४८ आहे, जिमनीत २ च्या आसपास. लो टाकलं की तेवढ्याच चढाला क्लचवर तेवढ्या पटीने कमी जोर येतो, आणि चाक हळू फिरायचं असल्याने प्लेट लवकर धरते. तो लिव्हर शोभेला दिलाय का?

आणि सिरॅमिकचं म्हणाल तर तिचा गुण हा की गरम झाल्यावर पकड सोडत नाही. पण ती धरते ती एकदम. दगडांमध्ये इंच-इंच सरकताना तुम्हाला हळू सोडायचं असतं आणि ती झटका देते, तो झटका पुढे यूजे क्रॉस, सीव्ही या सांध्यांना आणि अॅक्सलला जातो. फ्लायव्हील खाते ते वेगळं. हेवी प्रेशर प्लेटने पेडल दगड होतं, रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्टवर लोड वाढतो. क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा आहे, तो जायला हवा म्हणजे बाकीचं वाचतं.

बटन_क्लच_जिंदाबाद:
फ्यूज बदलायला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही खाली उतरवावे लागत नाहीत भिया. लेबरचं बिल तुम्ही भरणार का?

तुमचं पुस्तकी ज्ञान छान आहे. चढाच्या मध्ये कोण थांबून लो टाकतो, मागे चार गाड्या हॉर्न मारून राहिल्या असतात. आणि कंपनीचा क्लच कमजोर नाही म्हणता तर हे सांगा, अमेरिकेत जीपने २०२३ मध्ये ६९ हजाराच्या आसपास मॅन्युअल रँग्लर आणि ग्लॅडिएटर परत बोलावल्या, प्रेशर प्लेट गरम होऊन फुटू शकते म्हणून. एवढी मोठी कंपनी, खास ऑफरोडची गाडी. हा पण ड्रायव्हरचा पाय का?

पीथमपूर_शिफ्ट:
याच दोषासाठी त्याआधी झालेल्या रिकॉलचा उपाय काय होता ते पण वाचायचं होतं. सॉफ्टवेअर दिलं, क्लच जास्त गरम झाला की इंजिनाचा टॉर्क आपोआप कमी होतो. सिरॅमिक नाही दिली कोणाला. म्हणजे कंपनीने पण शेवटी उष्णताच आवरली. आणि आपल्याकडे रँग्लर ऑटोमॅटिकच विकतात, त्यामुळे हे उदाहरण चोरलला आणून काय उपयोग.

एक विचारू? गाडीला रीमॅप आहे का, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय का?

बटन_क्लच_जिंदाबाद:
स्टेज वन आहे. त्याचा इथे काय संबंध.

महूनाकावाला:
काय संबंध!! अहो आधी सांगायचं ना. कंपनी क्लच देते तो इंजिनाच्या टॉर्कपेक्षा थोडी शिल्लक ठेवून देते, ती शिल्लक तुम्ही लॅपटॉप लावून खाऊन टाकली, वर मोठे टायर, वर फोर-हाय. थारचं डिझेल मुळातच ३०० न्यूटन मीटर देतं, गुरखा २०२४ पासून ३२०, यावर अजून वाढवलं की साधी प्लेट चौथ्या-पाचव्यात घसरणारच. मग टाका बाबा सिरॅमिक, तुम्हाला माफ. पण पोस्टमध्ये "प्रत्येकाने टाका" असं का? १३४ न्यूटन मीटरच्या जिमनीवाल्याने काय पाप केलंय?

बटन_क्लच_जिंदाबाद:
बरं मग "प्रत्येकाने" मागे घेतो, खूश? रीमॅपवाल्यांनी टाका. पण पेडल दगड होतं वगैरे रडणं बंद करा, पोहे-जलेबी खाऊन पाय मऊ झालेत तुमचे.

लोकमान्यनगरचे काका:
आम्ही मिलिटरी लिलावातली जीप चालवली, पेडल कसं असतं ते आम्हाला सांगू नका. खरा क्लच शहरात जळतो, घाटात नाही. इंदुरात पलासियाला सिग्नल सुटेपर्यंत सगळे अर्ध्या क्लचवर डुलत उभे. ड्रायव्हिंग स्कूलच असं शिकवतात, हँडब्रेक लावून सुटायचं कोणी शिकवत नाही. आणि ज्या एबी रोडवर साडेअकरा किलोमीटर बीआरटीएस (बसची वेगळी लेन) बांधली, २०१३ ला चालू केली, २०२५ मध्ये हायकोर्टाने सांगितलं तोडा, त्या रस्त्यावर माझ्या जावयाची प्लेट गेली. आधी बांधायची म्हणून अडकलो, मग तोडायची म्हणून अडकलो.

पीथमपूर_शिफ्ट:
काका, जावईबापूंचा पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय तर नाही ना? नुसता टेकवला तरी बेअरिंग फिरत राहतं आणि प्रेशर प्लेट थोडी ढिली पडते.

लोकमान्यनगरचे काका:
जावयाबद्दल मी काही बोलणार नाही. मुलगी इथे वाचते.

जीरावन_जास्त:
सगळे पुरुष प्लेटवर भांडून राहिलेत आणि जिथे खरंच क्लच आणि माणूस दोन्ही जातात ते कोणी बोलत नाही. चढावर गाडी बंद पडली की तुम्ही काय करता? क्लच दाबून घरंगळत मागे येता, नाहीतर अर्ध्या क्लचवर भणभण करून परत चढवायला जाता, दोन्ही वेळा धूर. बरोबर पद्धत जुनी आहे. ब्रेक दाबून ठेवा, इंजिन बंदच राहू द्या, लो मध्ये रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, ब्रेक हळूच सोडून गिअरवर गाडी टिकते का बघा, मग क्लचला हात न लावता किल्ली मारा. स्टार्टर गाडीला ओढत इंजिन चालू करतो आणि गाडी इंजिनब्रेकवर सरळ खाली येते. क्लच घासतच नाही.

फक्त नव्या गाड्यांमध्ये क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. तो स्विच मी बायपास करून घेतलाय, आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांनी केलाय. सिरॅमिकपेक्षा हा अपग्रेड करा, जवळपास फुकट आहे.

लोकमान्यनगरचे काका:
हे वाचून राहावलं नाही. ताई, हे असलं कृपा करून लोकांना सांगू नका. माझ्या मित्राच्या घरी असंच "अपग्रेड" केलेलं. गाडी गेटजवळ पहिल्या गिअरमध्ये उभी, भाच्याने गाणी लावायला बाहेरून हात घालून किल्ली फिरवली, जास्त फिरली. गाडीने उडी मारली ती सरळ तुळशीवृंदावनावर. वहिनी दोन मिनिटं आधी तिथेच पाणी घालून गेल्या होत्या. तो स्विच कोणी मूर्खाने नाही लावला.

जीरावन_जास्त:
काका, किल्ली गाडीत ठेवून पोराला एकटं सोडलं हा दोष स्विचचा आहे का? गाडी गिअरमध्ये ठेवली पण हँडब्रेक लावला नाही, हा पण स्विचचा? टोयोटाने एफजे क्रूझरच्या मॅन्युअलला डॅशबोर्डवर क्लच स्टार्ट कॅन्सल नावाचं बटणच दिलं होतं. कंपनीला गरज कळते आणि तुम्हाला नाही?

पीथमपूर_शिफ्ट:
बटण आणि बायपास यात फरक आहे ताई. बटण तुम्ही त्या वेळेपुरतं दाबता, बायपास चोवीस तास चालू. वेगळा स्प्रिंगचा स्विच लावा, धरून ठेवला तेवढा वेळच सर्किट जुळेल असा. वायर जोडून टेप गुंडाळणं म्हणजे अपग्रेड नाही.

जीरावन_जास्त:
आमच्या मिस्त्रीने टेप गुंडाळली हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पीथमपूर_शिफ्ट:
सगळेच गुंडाळतात.

काळीमाती:
मी सांवेरकडचा, ट्रॅक्टरवाला, या स्विचवर मला पण बोलायचंय. ट्रॅक्टरला पण सेफ्टी स्विच असतो, क्लच नाहीतर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागत नाही. तो खराब झाला की कोणी बदलत नाही, खाली उभं राहून पेचकसने स्टार्टरची टोकं जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर उभ्या माणसाच्या अंगावरून मागचं चाक जातं. आमच्या शेजारच्या गावात गेला एक जण असाच, घरासमोर. त्याच्या पोराने आता त्याच ट्रॅक्टरला नवा स्विच लावलाय. तुम्हा शहरवाल्यांना हौस म्हणून जे काढायचं आहे ते आम्ही माणूस गमावून लावतो. राग येतो, काय करणार.

जीरावन_जास्त:
दादा, तुमच्याकडे जे झालं ते वाईटच झालं. पण ते खाली उभं राहून केलं, मी सीटवर बसून, बेल्ट लावून, ब्रेकवर पाय ठेवून करते. एका मापाने मोजू नका.

काळीमाती:
तुम्ही करता. तुमची गाडी धुवायला नेणारा पोरगा करेल का?

बटन_क्लच_जिंदाबाद:
हा हा. आता बोला. गाडी तर व्हॅलेला पण देता की नाही हॉटेलात? त्याला सांगता का की ही क्लच न दाबता उडी मारते?

जीरावन_जास्त:
तुम्ही मध्ये बोलूच नका, तुमच्यामुळे हा धागा निघाला. बरं, स्प्रिंगवाला स्विच लावून घेते, म्हणजे या धाग्यावर सगळ्यांना झोप लागेल. पण पद्धत बरोबर आहे यावर कोणी एक शब्द काढला नाही, ते लक्षात ठेवलंय मी.

महूनाकावाला:
पद्धत बरोबरच आहे ताई. बॅटरी खणखणीत हवी फक्त, आणि रिव्हर्स लो मध्ये पडला आहे याची खात्री. ज्यांना नको त्यांनी ब्रेक धरून, क्लच दाबून चालू करा, मग क्लच सोडत सोडतच ब्रेकवरचा पाय काढा, तेवढ्यात काही जळत नाही. हिल होल्डच्या भरवशावर नका राहू, ते दोन-तीन सेकंद धरतं आणि सोडतं.

काळीमाती:
धागा क्लचचा आहे तर अजून एक. पाऊस पडला की तुमचे ग्रुप आमच्याकडच्या काळ्या मातीत येतात, टायरच्या खाचा भरून गुळगुळीत होतात, मग फोर-हाय मध्ये चाकं फिरवत क्लच मारता आणि शेवटी मला फोन. ट्रॅक्टरने ओढताना पण क्लच अर्धा धरून बसतात, अरे न्यूट्रल टाक आणि स्टिअरिंग धर. सोयाबीन पेरलेल्या वावरातून चाकोरी पाडून जाता त्याचे पैसे कोण देणार, सिरॅमिकवाले की साधे?

बटन_क्लच_जिंदाबाद:
दादा आम्ही चोरलला जातो, तुमच्याकडे येणारे दुसरे.

काळीमाती:
सगळे हेच म्हणतात.

पीथमपूर_शिफ्ट:
चोरलवरून आठवलं. नदी ओलांडताना पाण्यात क्लच दाबू नका. दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते, तिथे पाणी आणि बारीक गाळ जातो. जुन्या लँड रोव्हरला त्यासाठी फ्लायव्हील हाऊसिंगच्या खालच्या भोकाला वेडिंग प्लग (बूच) येत असे, पाण्यात शिरायच्या आधी लावायचा आणि नंतर काढायचा, नाहीतर सील गळालं तर तेल आतच साचून प्लेटला लागतं. गिअर आधीच पाडा, मध्ये बदलू नका. नंतर क्लच घसरला तर लगेच प्लेट गेली म्हणू नका, आधी वाळू द्या. आणि सील गळून तेल लागलं असेल तर नवी प्लेट टाकून फायदा नाही, आधी सील.

बटन_क्लच_जिंदाबाद:
चौथ्या गिअरात हँडब्रेक लावून क्लच सोडायचा, इंजिन बंद नाही पडलं तर प्लेट गेली. सोपी टेस्ट.

पीथमपूर_शिफ्ट:
आणि ती टेस्ट चारदा करून उरलेली प्लेट पण घालवायची. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरात कमी आरपीएमवरून फुल दाबा, आरपीएम चढला आणि स्पीड नाही चढला तर घसरतोय. एकदाच करा.

महूनाकावाला:
मला एवढंच म्हणायचं होतं की आधी लो, मग टायर, मग फ्लुइड-सील, आणि मग

जीरावन_जास्त:
यादी करू नका हो, सकाळपासून वाचतेय.

लोकमान्यनगरचे काका:
मी जावयाला विचारलं. पाय टेकवतो म्हणाला. पण बीआरटीएस होतीच.

नवीन_मेंबर_राऊ:
सर्वांना नमस्कार, कालपासून वाचून राहिलो, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही. पेडल सकाळी निम्मं खाली राहतं, बुटाने वर ओढावं लागतं, दोन-चारदा पंप केलं की ठीक. गॅरेजवाला म्हणतो क्लच किट पूर्ण बदला, सिरॅमिक पण देतो म्हणाला. काय करू?

पीथमपूर_शिफ्ट:
किटला हो म्हणू नका अजून. बोनेट उघडून क्लच फ्लुइडची लेव्हल बघा, पेडलच्या मागे कार्पेट ओलं आहे का हात लावून बघा, मग बेल हाऊसिंगजवळ स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर फ्लुइडमार्फत घेऊन क्लच ढकलणारा) बघा. बाहेर असेल तर रबर बूट उचलून बघा, आत ओल दिसली तर तिथेच गळतंय. फ्लुइड शेवटचं कधी बदललं?

नवीन_मेंबर_राऊ:
ते बदलायचं असतं का?