केनेडी घराण्याच्या ‘शापा’त आपण कोणाला मोजतो?

पडवीकर, देवगड
परवा आमच्या पडवीत अमेरिकेतील केनेडी घराण्याचा विषय निघाला. थोरला मुलगा जोसेफ १९४४ मध्ये स्फोटकांनी भरलेल्या लष्करी विमानात गेला, बहीण कॅथलीन १९४८ मध्ये फ्रान्समधील विमान अपघातात गेली, मग १९६३ मध्ये डॅलसला राष्ट्राध्यक्ष जॉन आणि १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांचे भाऊ रॉबर्ट यांची हत्या झाली. मी एवढे सांगेपर्यंत काकूंनी, ‘त्या घराण्याला काहीतरी लागले आहे, देवाला कौल लावून बघायला हवा होता,’ असा निर्वाळा देऊनही टाकला. मला हसू आले; पण तिकडची वर्तमानपत्रेसुद्धा ‘केनेडींचा शाप’ हेच शब्द कित्येक दशके छापत आली आहेत. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना लोकांना या शब्दाची गरज का भासत असावी?

बोटवाला, हर्णै
माझे आयुष्य मालवाहू बोटींवर गेले, म्हणून मी फक्त १९९९ च्या अपघाताविषयी लिहितो. १६ जुलैच्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन यांचे पुत्र, धाकटे जॉन केनेडी, स्वतः विमान चालवत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते, हवा धुरकट होती आणि खाली समुद्र होता. अशा रात्री पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते, आपण सरळ चाललो आहोत असे शरीर सांगत राहते आणि प्रत्यक्षात विमान कललेले असते. केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची पात्रता त्यांनी मिळवलेली नव्हती, आणि तपासातही वैमानिकाला दिशाभ्रम झाल्याचाच निष्कर्ष निघाला.

सुरंगी, गुहागर
त्याच विमानात जॉन यांची पत्नी कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन बेसेट या दोघी होत्या. एका आईच्या दोन मुली एका रात्रीत गेल्या, तरी ‘बेसेटांचा शाप’ असे कोणी म्हटल्याचे मी वाचलेले नाही. त्याआधी, जुलै १९६९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन यांचे धाकटे भाऊ टेड केनेडी यांची गाडी चॅपाक्विडिक बेटावरील पुलावरून पाण्यात पडली आणि गाडीतली मेरी जो कोपेक्नी ही २८ वर्षांची, आईवडिलांची एकुलती एक मुलगी मरण पावली. टेड यांनी पोलिसांना हे कळवले ते दुसऱ्या दिवशी सकाळी; आणि आठवड्याभराने दूरचित्रवाणीवर बोलताना, सगळ्या केनेडींवर खरोखरच एखादा भयंकर शाप आहे की काय असा विचार त्या रात्री मनात आल्याचे सांगितले. मरण तिचे आणि शाप यांचा!

आमच्या गावात खोतांच्या वाड्यातले तीन मृत्यू लोक अजून बोटांवर मोजून दाखवतात आणि नवख्या माणसाला परसातली बुजवलेली विहीरही दाखवायला नेतात. त्याच गावच्या खारवीवाडीत एका घरातला बाप आणि दोन मुलगे निरनिराळ्या वर्षी समुद्रात गेले, त्यांच्याविषयी मात्र ‘दर्याचे काम असेच’ एवढ्यावर बोलणे आटोपते. शाप लागायलासुद्धा घराणे मोठे असावे लागते, असे दिसते.

माजघर, मालवण
सुरंगीताई, आपले मोजमाप पटले, पण शब्दावर इतका राग नको. समाचाराला गेलेल्या माणसाला बोलायला काही सुचत नाही, तेव्हा ‘काय हे भोग’ असे तो म्हणतो, त्यात दरवेळी कुचाळकी नसते. नऊ मुलांची आई असलेल्या रोझ केनेडी १०४ वर्षे जगल्या आणि त्यातली चार मुले त्यांच्या डोळ्यांदेखत अशी अवेळी गेली. त्यांच्यासमोर आपण तरी काय बोललो असतो?

पडवीकर, देवगड
सर्वांचे आभार. हे सगळे काकूंना वाचून दाखवले. रोझबाईंचे वय ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग, ‘त्या बुडालेल्या पोरीच्या आईबापांकडे यांच्यापैकी कोणी गेले होते का?’ असे त्यांनी विचारले. टेड मानेला पट्टा बांधून अंत्यविधीला गेले होते, असे मी सांगितले. त्यावर काही न बोलता त्या सुपारी कातरत राहिल्या.