वाइन चाखायला जायचंय, पण ‘ब्लॅककरंट’ कुठून आणू?

अधमुरं_दही:
मंडळी, फेब्रुवारीत आम्ही दोघं नाशिकला चाललोय. दोन वर्षांपूर्वी एका वायनरीत टेस्टिंग केलं होतं. काउंटरमागचा मुलगा पाढे म्हटल्यासारखा सांगत होता, “यात ब्लॅककरंट, लेदर आणि सिडार.” ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लंय आणि सिडार म्हणजे देवदार, हे घरी येऊन शोधलं. तिथं मात्र “हो हो, येतंय” म्हणून मान डोलावली. खरं विचाराल तर पांढरी आंबट लागली आणि लाल कडू. यंदा तरी काहीतरी कळावं असं वाटतंय. कुठं जाऊ, काय मागू, चव ओळखायची कशी?

गोदाकाठचा_भाऊ:
गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, सोमा, यॉर्क या वायनरी एका फेरीत होतात. इगतपुरीकडून येणार असाल तर वाटेत व्हॅलोने. शनिवार-रविवार टाळा, जत्रा असते, ओतणाऱ्याला बोलायला फुरसत नसते. फेब्रुवारी चांगला, तोडणी चालू असते. आणि गाडीला ड्रायव्हर घ्या. “चार घोटांनी काय होतंय” म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

कोरा_चहा:
तुम्हाला कडू वाटलेली लाल वाइन बहुतेक तुरट असणार. जांभळं खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते ना, ते. आपल्याकडे सहा रसांत तुरट वेगळा मोजलेला असताना आपण सरसकट कडू म्हणून मोकळे होतो.

जायच्या आधी घरी एवढं करा. कोऱ्या चहाचे तीन कप, बिनसाखरेचे. एक मिनिटभर मुरवलेला, दुसरा दहा मिनिटं, आणि तिसऱ्यात पहिल्यासारखाच चहा पण वर लिंबू पिळून. दुसऱ्या कपानं हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते. तो टॅनिन, तुरटपणा देणारा घटक. तिसऱ्यानं जिभेच्या कडांना लाळ सुटते. ते आम्ल. लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, म्हणून सालीबियांतला टॅनिन तिच्यात उतरतो. पांढरीचा रस आधीच पिळून सालीपासून वेगळा काढतात, म्हणून तिच्यात आंबटपणाच पुढे येतो.

आता वास. पेला फिरवा, नाक आत घाला, आणि घाई न करता आपल्या बाजारातलं काय आठवतं ते बघा. माझ्या वहीतलं देतो. नावं द्राक्षांच्या जातींची, पहिल्या दोन पांढऱ्या वाइनच्या, शिराज लालची. सोव्हिन्यॉ ब्लां: चिरलेली ढोबळी मिरची, ओलं गवत, कैरीचा चीक. शेनिन ब्लां: पिकलेला पेरू, थोडा अननस. शिराज: जांभूळ, करवंद आणि मागून काळी मिरी. ही मिरी कविकल्पना नव्हे. रोटंडोन नावाचं एकच संयुग मिरीतही असतं आणि शिराजच्या सालीतही. ढोबळी मिरचीचंही तसंच, तिथं पायराझिन. व्हॅनिला किंवा लवंग आली तर ती बहुधा ओकच्या पिंपाची देणगी. आणि ते ‘लेदर’ हवंच असेल तर कोल्हापुरी चपलांचं दुकान आठवा.

एक चकवा सांगतो. पेरूचा वास आला की मेंदू ‘गोड’ म्हणतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, गोडी खरी आहे की नाही ते लगेच कळतं.

मागताना एक-एक करून मागू नका. सोव्हिन्यॉ आणि शेनिन शेजारी-शेजारी ओतून घ्या, मग शिराज आणि कॅबर्ने ही दुसरी लाल. पांढरी आधी, लाल नंतर, लेट हार्वेस्टसारखी (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) गोड असेल ती शेवटी. थुंकायला भांडं मागायची लाज नको, ते त्यासाठीच असतं.

बांधावरचा:
आमची खाण्याची द्राक्षं आहेत, थॉमसन. चुलतभाऊ वायनरीला घालतो. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, हे दोघांचं सारखंच. मणी मात्र बघा: त्याचा बारका, जाड सालीचा, आत बिया. तोडणीच्या वेळी जाताय तर विचारून एक मणी चावा आणि साल चघळत राहा. वर म्हणतायत तो तुरटपणा तिथंच सापडेल.

डबल_तर्री:
माझा अनुभव घ्या. सकाळी नऊला मिसळ, वर कच्चा कांदा, अकराला टेस्टिंग. तिखटानं भाजलेल्या तोंडाला प्रत्येक लाल वाइन नुसती जाळ लागली. त्यात बायकोनं मोगऱ्याचा गजरा माळलेला, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांना पांढरीत मोगरा आला! मिसळ संध्याकाळी खा.

अधमुरं_दही:
हाहा, गजरा घरी. अजून एक, बाटली आणली तर लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची ना?

कोरा_चहा:
ती खोली युरोपातली हो, थंडीतली. लालला 16 ते 18 अंश पुरे. आपल्या तिशीतल्या खोलीत तिचा दारूचा भपकाच आधी येतो, म्हणून उघडण्यापूर्वी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी 8 ते 10. त्याहून गार केली तर वास मुका होतो. आणि बुचाच्या बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो तुमच्या नाकाचा दोष नाही, वाइन बुचामुळे बिघडलीय. बेधडक परत करा.

अधमुरं_दही:
तीन कप आत्ताच करून पाहिले. दुसऱ्यानं खरंच तोंड आवळलं, जांभळासारखंच. आई विचारतेय, पाहुणे कोण आलेत. बुधवारचं बुकिंग करतोय, आल्यावर माझी वही इथं टाकतो.